सात नंबरचा बिल्ला

पुणतांब्याच्या आसारामला नागापूरच्या कारखान्यात हत्यारं देण्याघेण्याची स्टोअरची खिडकी मिळाली ती गनीभाईंच्या शब्दावर. गनीभाई तिथले लेथवरचे सगळ्यात जुने टर्नर. ते करतील ते बाकीचे कामगार डोळे मिटून करत.

हत्यार न्यायचं तर आपला पितळी बिल्ला त्याच्या खिळ्याला अडकवून जायचं, अशी तिथली रीत. खिळ्यावर सात नंबर दिसला, की पाना गनीभाईंकडे आहे हे कुणालाही कळे.

बहात्तर साली नव्या साहेबांनी कार्डं आणली. नाव, हत्यार, सही. कार्डं चालली तर आसारामला कायम करू म्हणाले. आसाराम सातवी पास, म्हणजे स्वतःच्या लेखी बॅरिस्टरच. सही न येणाऱ्यांसाठी त्यानं आपल्याच डोक्यानं शाईचं पॅड मांडलं.

पहिल्या सकाळी गनीभाई सगळ्यांच्या पुढं आले. मागं वीसेक माणसांची रांग. आसारामनं पॅड सरकवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "गनीभाई, अंगठा." लोखंडाची केसाएवढी जाडी मोजणारा तो माणूस. त्यानं मुकाट्यानं अंगठा उठवला, चिंधीला पुसला आणि निघून गेला. आसारामला तेव्हा काहीच वाटलं नाही, आणि तेच त्याला पुढं जन्मभर खात राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून गनीभाई घरून स्वतःची हत्यारं आणू लागले. आठवड्याभरात बाकीच्यांनीही तेच धरलं, झोकात सही करणाऱ्यांनीसुद्धा. कार्डं कोरी राहिली. काहीच हरवत नाही म्हणून साहेब खूश झाले आणि आसाराम कायम झाला. खिडकीशी मात्र गप्पा मारायलाही कुणी फिरकेना.

दोन वर्षांनी गनीभाई निवृत्त झाले, बिल्ला परत करायला आले. बिल्ला जमा केल्याच्या सहीसाठी आसारामनं चाचरत कार्ड पुढं केलं. न सांगता त्यांनी अंगठा पॅडवर टेकवला. पॅड केव्हाच वाळून गेलं होतं.

मग त्यांनी आसारामच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि सहीच्या जागी ठसठशीत सात काढला.

"एवढं येत हुतं मला," ते म्हणाले. "समद्यांनाच आपापला नंबर येतोय. तू इचारलंच न्हाईस. आन् माझीबी जीभ उचलली न्हाई."

आसारामला माफी मागायची होती. तोंडून एवढंच निघालं, "बिल्ला ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

गनीभाईंनी तो जुन्या खिळ्याला अडकवला आणि ते गेले. त्या खिळ्यावर आसारामनं पुढं कधीच हत्यार टांगलं नाही.