फोनच्या पोटातली कानबाई

फोन घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने सुरतेतली आमची सगळी लिंबायत वस्ती वापरत होती तसलेच फोन आधी दाखवले. पण चारचौघांसारखं वागेन तर मी कसला! कोपऱ्यातला, धूळ खात पडलेला, कुठल्याशा वेगळ्याच सिस्टिमवर चालणारा फोन मी उचलला. दुकानदाराने "पक्का?" असं पुन्हा पुन्हा विचारलं. शहाणा माणूस असता तर तिथेच समजला असता. मी मात्र मित्रांना सांगत सुटलो की माझ्यासारखा फोन अख्ख्या सुरतेत कुणाकडे नाही. ते खरंच होतं, फक्त कारण वेगळं होतं.

थोड्याच काळात ती सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीने तिचं श्राद्ध उरकलं. पुढे फोनच्या काचेवर पाटा पडला आणि पडदा काळा झाला. चार्जरला लावला की अजून थरथरायचा, म्हणजे जीव होता. मी तो कपाटात टाकला आणि विसरलो.

आठवण झाली ती माय बोलायची थांबली तेव्हा. लकवा मारल्यावर तिच्याजवळ एकच शब्द उरला: "नही." चहा पाहिजे का? नही. नको का? नही. डॉक्टर म्हणाले, होईल हळूहळू सुधारणा. डॉक्टरांचं हळूहळू आणि आमचं हळूहळू यांत फरक असतो, हे नंतर कळलं.

श्रावण तोंडावर होता. श्रावणात आमच्या खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाची देवी, तिला साडीचोळी, नथ, आणि सगळी भाऊबंदकी रोट खायला एका घरात. देवी दारात येते तेव्हा घरातल्या मोठ्या बाईने घराचं गाणं म्हणायचं असतं. बाकीची गाणी सगळ्यांना येतात, स्पीकरवरही वाजतात, पण हे प्रत्येक घराचं वेगळं. यात घरातल्या बायकांची नावं एकामागून एक ओवली जातात. आमच्या घरचं मायला येत होतं, आणि फक्त मायला.

यंदा कानबाई बसवायची ती माझ्या बायकोने. ती कोल्हापूरकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली, मायचं सगळं अंथरुणातलं आता तीच करायची, पण बोलत होती तोवर मायने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. "ओ पाहुनी, पानी दे." "पाहुनीले सांग, भाजी खारी व्हयनी." पाहुणी घरात येऊन तप लोटलं तरी पाहुणीच. भाऊबंदकीतल्या बायकांनी सुचवलं, "तू कसाले तरास लेस? स्पीकरवर लाय दे ना एखादं." बायको त्यांच्यासमोर हसली. घरात आल्यावर म्हणाली, "मला या घरचं गाणं पाहिजे. एकदा तरी मला सासूबाईंसारखी कानबाई बसवू दे."

मग मला आठवलं. लग्नाआधी, फोन नवा असताना, मी मायला समोर बसवून ते गाणं रेकॉर्ड केलं होतं. आणि अर्थातच ते कार्डात नाही, फोनच्या पोटात ठेवलं होतं. मी शहाणाच ना!

पडदा मेलेल्या फोनमधून गाणं काढायचं तर तो कॉम्प्युटरला जोडायला हवा. जोडला. कॉम्प्युटरने नवीन सुनेकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, हे काय आहे? दोघांमध्ये दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. साध्या फोनचे ड्रायव्हर कॉम्प्युटरमध्ये आधीच असतात. माझ्या फोनचा नव्हता. का असेल?

मी एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, डिझाइन बनवतो. कॉम्प्युटर हा माझा धंदा. ड्रायव्हर शोधणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मी बायकोला सांगितलं. इंटरनेटवर त्या फोनचा ड्रायव्हर देणाऱ्या साइट्स ढिगाने होत्या. प्रत्येकीवर हिरवी बटणं, प्रत्येक बटणावर 'डाउनलोड'. एका बटणाने माझ्या कॉम्प्युटरवर हवामानाचा अंदाज बसवला. दुसऱ्याने पत्त्यांचा खेळ दिला. तिसऱ्याने सांगितलं की तुमचा कॉम्प्युटर गंभीर आजारी आहे, आणि त्या बटणानंतर तो खरोखरच पडला. परदेशी लोकांच्या एका फोरमवर मी नम्रपणे मदत मागितली. तिथल्या जाणकाराने उत्तर दिलं, की असा फोन अजून का वापरता? वा! घर जळत असलेल्या माणसाला विचारायचं, या गल्लीत घर का घेतलं?

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. मुलीने गोड आवाजात फोन बंद करून चालू करायला सांगितलं. मी म्हटलं, पडदा मेलाय, बंद काय नि चालू काय. ती म्हणाली, "सर, आमचा नवा फोन बघितला का?"

शेजारच्या उधना भागातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि शेजाऱ्याला बोलावून दाखवला. "भैया, ये तो म्यूझियम का माल है." पडदा मिळेल का? हसला. मी फोन परत पिशवीत टाकला. तेव्हापासून तो आणि त्याची केबल माझ्या पिशवीतच असायची, कुठे तरी कुणाकडे तरी जमेल म्हणून. बायको रोज विचारायची नाही. रोज पिशवीकडे बघायची, ते जास्त बोचायचं.

कानबाईचा रविवार जवळ आला आणि खात्यात आमच्या मालकाकडे, शेठकडे, एक व्यापारी जुन्या साडीची किनार घेऊन आला. हीच पुन्हा पाहिजे, अगदी हीच. ते डिझाइन माझंच, पण इतकं जुनं की नव्या कॉम्प्युटरला ती फाइल उघडेना. शेठ म्हणाला, "माळियावर जुना पडला छे ने, चालू कर."

मला वाटत होतं तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. शेठ काही टाकत नाही हे मी विसरलो होतो. खात्यातल्या प्रत्येक यंत्राबद्दल त्याचा एकच धर्म: "चालू मशीनने अडवानुं नहि, भाई." म्हणजे चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. त्या कॉम्प्युटरला त्याने जन्मात इंटरनेट लावू दिलं नाही, काही नवं बसवू दिलं नाही. दर दसऱ्याला मात्र त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि नारळ. या अडाणीपणावर मी वर्षानुवर्षं चहाच्या टपरीवर लोकांना हसवलं आहे.

माळ्यावरून उतरवला, धूळ झटकली, चालू केला. घरघरत उठला. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं निळं चित्र होतं. माझ्या फोनचं. साड्यांचे फोटो त्यात घ्यायचे म्हणून मीच कधीकाळी फोनसोबतची सीडी घालून सगळं बसवलं होतं, आणि शेठच्या धर्मामुळे ते जसंच्या तसं जिवंत राहिलं होतं. पिशवीतून फोन आणि केबल काढली. जोडली. कॉम्प्युटरने काही विचारलं नाही. जुनी ओळख होती.

गाणं निघालं, आणि कुठे निघालं, ते बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "काखेत कळसा." पुढचं म्हणायची गरज नव्हती.

रविवारी आमची दोन खोल्यांची जागा भाऊबंदकीने भरून गेली. मायला खाटेवर तक्क्याला टेकून बसवलं, दार दिसेल असं. बायको नऊवारी नेसून उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी राहिली, देवीचे पाय धुवायला. नारळाला पाय नसतात, पण तो विषय त्या दिवशी कुणी काढत नाही. मी स्पीकरचं बटण दाबलं.

मायचा आवाज आला. धडधाकट, ठसकेबाज, शेजारच्या गल्लीत ऐकू जाणारा. बायकांच्या माना खाटेकडे वळल्या. कितीतरी महिन्यांनी तो आवाज घरात घुमत होता.

"कानबाई उनी दारमा, कोन धोस तिना पाय?"

आणि पाय कोण धुतं याच्या उत्तरात आजीचं नाव. बायकांनी ओळ उचलली. मग काकूचं नाव, मग माझ्या बहिणीचं. या तिघींतल्या दोघी आता नाहीत, तिसरी भुसावळला नांदते. दारात उभी होती ती चौथीच, आणि रेकॉर्डिंग तिच्या आधीचं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बायकोने खाली बघून पाणी ओतायला सुरुवात केली. तिला अहिराणी येत नाही, पण नावं कुणालाही कळतात.

गाणं पुढे देवीची ओटी भरण्याच्या कडव्यावर गेलं, आणि माय खाटेवर हात आपटू लागली.

"नही! नही! नही!"

कुणीतरी म्हणालं, बंद करा, म्हातारीला सहन होत नाही. मी स्पीकरकडे वळलो तेवढ्यात मायने तोंड उघडलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, आवाज फाटलेला, पण चाल पक्की. तिने गाणं मागे खेचलं, पहिल्या ओळीवर आणलं.

"कानबाई उनी दारमा, कोन धोस तिना पाय?"

ती थांबली. दाराकडे बघितलं. आणि उत्तरात माझ्या बायकोचं नाव घेतलं. सबंध, नीट, गाण्यात बसवून.

सगळ्या बायकांनी एकदम ओळ उचलली, तिच्या नावासकट. बायकोच्या हातातला तांब्या तसाच कलता राहिला आणि सगळं पाणी उंबऱ्यावरून आत आलं.

स्पीकरवरची माय पुढे गातच होती. मी तो बंद केला.