चावीवाला मामा तंबूत

माझा मामा चाव्या करतो. औषधांच्या दुकानाशेजारी, जिन्याखाली त्याची जागा आहे. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेरच उभं राहायचं. चाव्या कापायचं मशीन, दोन-तीन कानशी, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या चाव्या. नखांत पितळेची पूड, ती जेवतानाही जात नाही. कोणाचं दार अडकलं की मामाला बोलावणं येतं. तो कुलपात तार घालतो, आणि घरमालकाचं रडगाणं संपायच्या आत दार उघडून देतो.

सगळा घोळ तिथंच आहे. कुलूप किती पटकन उघडतं हे ज्याला रोज दिसतं, त्याचा कुलपावर विश्वास बसणार कसा? स्वतःच्या घराला कुलूप लावलं की मामा ते ओढून बघतो, जिना उतरतो, फाटकाशी थबकतो आणि पुन्हा वर जातो. तळमजल्यावरचे मास्तर दारातून विचारतात, "ही पहिली फेरी की दुसरी?" मामा हसतो, पण फेरी चुकवत नाही.

या फेऱ्यांपायी मामीचे हाल झाले. सख्ख्या भाचीच्या लग्नाला निघालेली ती स्टेशनवरून परत आली आणि ते लग्न तिने फोटोत पाहिलं. नाटकाला गेले तर मध्यंतरातच उठले. मामी एका शिंप्याची काजं-बटणं करते, खिडकीशी बसून, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. ती कधी कुरकुर करत नाही, असं आमच्याकडे सगळे कौतुकाने सांगतात. मला त्या कौतुकाची भयंकर चीड येते.

नदीकाठच्या सरकारी उद्यानात राहायला तंबू मिळतात, हे तिला मीच सांगितलं. तिने सुई कापडात खोचून ठेवली.

"मला तिथं झोपायचंय," ती म्हणाली. "पाण्याचा आवाज ऐकत. एकच रात्र." मग मामाकडे वळून, "आणि या वेळी अर्ध्यातून मागे फिरलात तर एकटे फिरा. मी पुन्हा तुमच्याबरोबर कुठं जायचं नावही काढणार नाही."

मामाने मान डोलावली.

आम्ही तिघं निघालो. बसमध्ये तो सारखा मागे वळून पाहत होता. हे काही चांगलं लक्षण नव्हतं. उद्यानाच्या फाटकाशी उतरून आम्ही झाडांमधल्या वाटेने खाली गेलो. रखवालदाराने आमचा तंबू दाखवला. समोर दगडांची गोल चूल, बसायला लाकडी बाकं, आणि वीस पावलांवर नदी. मामीने चपला काढल्या आणि ती थेट पाण्याकडे चालू लागली. मामा तंबूभोवती हिंडत राहिला.

"दार कुठंय याला?"

"ही चेन," रखवालदार म्हणाला.

"आणि बाहेरून कोणी ओढली तर?"

"उघडेल की."

"आतून बंद केली तरी?"

"तरी उघडेल. कापडच आहे, काका."

मामाने चेन वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. "मग लावायची कशाला?" त्याने विचारलं. रखवालदार विचारात पडला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसावा. "डास येतात," शेवटी तो म्हणाला आणि निघून गेला.

आम्ही बटाटे भाजले, चहा केला. मामी साडी गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उभी होती आणि होडीतून जाणाऱ्या अनोळखी माणसांना हात करत होती. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मामा माझ्या कानाशी आला.

"मी कुलूप ओढलं होतं का गं?"

"ओढलंस. मी पाहिलं ना."

"आजचं पाहिलंस की मागच्या खेपेचं?"

मी आठवायला गेले आणि माझीही पंचाईत झाली. मामा कुलूप ओढतोय हे मी लहानपणापासून इतक्यांदा पाहिलंय की त्यातलं आजचं कुठलं, ते वेगळं काढता येईना. मी मास्तरांना फोन लावून दिला. ते बिचारे वर जाऊन बघून आले.

"कुलूप आहे," त्यांनी सांगितलं.

"हात लावून ओढलंत?"

"ओढलं."

"किती वेळा?"

मास्तरांनी फोन ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून बोलले ते," मामा म्हणाला.

ऊन उतरलं. शेवटची बस दिवस मावळताना सुटते. मामाने पिशवी खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली. मामीने पाण्यातूनच ते पाहिलं. ती बाहेर आली, साडी सारखी केली आणि म्हणाली, "जा." आवाज चढवला नाही. तंबूत शिरून तिने चेन लावून घेतली.

मामा गेला. मी त्याच्या पाठीला वाट्टेल ते बोलले, तेही फार मोठ्याने. मग बाकावर बसून राहिले. आतून मामी म्हणाली, "ओरडू नकोस. त्यांना जमत नाही, त्याला ते तरी काय करणार? मलाच उगाच वाटलं होतं." मला तिचा राग आला, त्याचा आला, आणि तंबूची बातमी घेऊन गेले म्हणून माझाही आला.

वर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. बस सुटल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

थोड्या वेळाने वाटेवर पावलं वाजली. मामा होता. धापा टाकत, पिशवी छातीशी धरून, पार गोंधळलेला. माझ्यासमोरून जाऊन तो तंबूसमोर उभा राहिला. ठोठावायला हात वर केला, कापडावर ठोठावायचं कसं ते कळेना, तसाच खाली घेतला.

"अगं, ऐकतेस का? पायरीवर पाय ठेवला होता मी. कंडक्टर म्हणतो चढा, आणि दुसरा पाय काही उचलेना." त्याने पिशवी खाली ठेवली. "घराचं काय ते मला माहीत नाही. लावलंय की नाही, अजून आठवत नाही. पण लावलं नसलं तरी आत कोण आहे? भांडीकुंडी. इथं तू आहेस, आणि दाराला साधी कडी नाही. मग मी चाललोय कुठं?"

मग चेन हळूहळू वर गेली. मामी गुडघ्यांवर बसली होती, आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडत होती.

मामा घाबरला. माझ्याकडे वळून कुजबुजला, "आता काय झालं हिला? परत आलो ना मी?"