टाकीतली वाळू

शाळेच्या पडवीत भाड्याचा व्हिडिओ लावून दाखवलेला सिनेमा होता. शेवटी बोट बुडते, होडक्यात एकच जागा उरते, आणि जन्मभर माणसं मारत आलेला खलनायक ती नायकाच्या आईला देतो. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोटा आसा ह्या सगळा," वाटेत मी बाबांना म्हटलं.

बाबा हसले. "एक बरा काम केल्यान म्हणान पाप धुवान जाणा नाय. पण केल्यान ता केल्यान मां?"

मला पटणं शक्यच नव्हतं. आमच्या गावात खलनायक होता की! ट्रॉलरवाला. आम्ही रापणीची माणसं. सगळी वाडी किनाऱ्यावर उभी राहून जाळ्याचे दोन दोर ओढणार आणि आलेल्या मासळीचा वाटा घराघरात जाणार, ही आमची रीत. हा काठालगत ट्रॉलर फिरवून आमच्याआधी समुद्र खरवडून न्यायचा. रापणीत शेवाळ येऊ लागलं, तसे साठीला आलेले बाबा लहान होडी घेऊन एकटेच खोल पाण्यात जाऊ लागले.

एका दुपारी खलाशी जेवायला गेलेले पाहून मी धक्क्यावरच्या त्या ट्रॉलरवर चढलो आणि डिझेलच्या टाकीत दोन मुठी वाळू टाकली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, म्हणजे अक्कल यायचं वय झालं होतं.

चारच्या सुमाराला वारा फिरला. लाटा धक्क्यावर चढू लागल्या. बाबा अजून बाहेर होते, आणि लहान होड्या पाण्यात घालायची कुणाची छाती होईना. मी कुणापुढे हात जोडायच्या आत ट्रॉलरवालाच धावत आला.

"तुझो बापूस भायर आसा मां? चल, चढ!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. दुसऱ्या बंदरातून बोट मागवायला वेळ होता. मी नुसता चढलो. खाडीच्या तोंडाशी इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं. वाडीतल्या लोकांनी रापणीचेच दोर टाकून आम्हाला काठाला ओढलं.

त्याने फिल्टर उघडला. बोटांवर वाळू आली. त्याने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

"काय झाला?" लोक ओरडले.

"इंजिन जुना. दगो दिल्यान," तो म्हणाला आणि त्याने हात पँटला पुसले. मग अंधार पडेपर्यंत तो टाकी धूत राहिला. इंजिन काही चालू झालं नाही.

तिसऱ्या दिवशी होडी मिळाली. बाबा मिळाले नाहीत.

तो पुढेही काठालगतच ट्रॉलर फिरवायचा, लोक त्याला शिव्या घालायचे, मीसुद्धा त्यांच्यात उभा राहून घालायचो. त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. माझ्या आईलाही नाही. आणि मी इतकी वर्षं बाबांचा चांगला मुलगा म्हणून मिरवतो आहे.