चौघांचं आंदोलन

राज्यघटनेनं आपल्याला शांततेनं, शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. किती जणांनी जमायचं, ते मात्र पोलीस ठाण्याबाहेरच्या बोर्डावर लावलेलं असतं. आमचे शेजारी आबा दोन्ही मजकूर सारख्याच भक्तीनं वाचायचे. वाचून झालं की टोपी नीट करायचे आणि म्हणायचे, "नियमात बसवू की."

आबा साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. जन्मभर गोण्या वाहिल्या आणि युनियनचे मोर्चे काढले. विडीला कधी हात लावला नाही. असा माणूस एके दिवशी 'गांजा कायदेशीर करा' म्हणू लागला, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "म्हाताऱ्याला हे कुठनं लागलं?"

लागला होता तो त्यांच्या बायकोला, आमच्या काकींना, कॅन्सर. उलट्या थांबत नव्हत्या. परदेशात अशा पेशंटांना गांजापासून केलेलं औषध देतात, असं आबांनी कुठंतरी वाचलं होतं. गुपचूप आणून देतो म्हणणारेही भेटले. आबा म्हणाले, "चोरून कशाला? उजेडात मागू."

"मागा," काकी पलंगावरून म्हणाल्या, "पर माझ्या जेवायच्या टायमाला घरी या." दुपारचे चार घास त्या आबांच्याच हातून घ्यायच्या. दुसऱ्या कुणी भरवलं तर तोंड फिरवायच्या.

जमावबंदी होती. पाच किंवा जास्त माणसांनी जमायला मनाई. आबांनी चौघांचं आंदोलन ठरवलं: ते, मी आणि लॉ कॉलेजातल्या दोन मुली. गांजाबद्दल मला काही मत नव्हतं. मी संख्या भरायला गेलो.

बेलापूरला चौकात पोचलो, तर आमच्यासाठी दोन व्हॅन, ढाली, हेल्मेटं आणि पाण्याचा फवारा मारणारी एक गाडी. कुणी मंत्री येणार असं वाटून लोक थांबून बघत होते.

"सर, आम्ही चारच आहोत," एक मुलगी म्हणाली.

"तेच संशयास्पद आहे," साहेब म्हणाले.

तरी सगळं सुरळीत चाललं होतं. आमच्या शेजारी चौकड्याच्या शर्टातला एकजण हात मागं बांधून उभा होता. युनियनची शिस्त अशी, की मोर्च्यात रिकामा हात दिसला की त्यात फलक द्यायचा. आबांना राहवलं नाही. "धरा, पाव्हणं." पाहुण्यांनी भिडेनं धरला.

साहेबांनी मोजलं. पाच.

"साहेब, मी आपलाच," साध्या वेशातला तो पोलीस कुजबुजला.

"मग फलक का धरलास? चला, बसा सगळे."

व्हॅनमध्ये आबा त्याला समजावत होते, "उलटा धरला व्हता तुमी. पुढच्या वेळी बघून धरा."

ठाण्यात मात्र आबांचं सारं लक्ष घड्याळाकडे. "मंडळीच्या जेवणाची वेळ झाली, साहेब. भरवतो आन परत येऊन बसतो." तपास चालू आहे, असं उत्तर मिळालं. तो संध्याकाळपर्यंत चालला. काय सापडलं ते कळलं नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ताट झाकलेलंच होतं. "झाला का कायदा?" काकींनी विचारलं.

"होतोय," म्हणत आबांनी पेज गरम केली आणि फुंकून फुंकून भरवली.

त्या पावसाळ्यात काकी गेल्या. नंतर आबा एकटेच फलक घेऊन चौकात उभे राहायचे. एकट्याचा जमाव होत नाही, तरी एक व्हॅन यायचीच.

यंदा आबाही गेले. मार्केटातले माथाडी इतके आले की रस्ता भरून गेला. चौकात पोलिसांनी गाड्या थांबवून आम्हाला वाट करून दिली. जमावबंदीच्या आदेशातून अंत्ययात्रा वगळलेल्या असतात.