नळवाले काकांचं काळीज

आमच्या सक्करदऱ्याच्या नळवाले काकांना जगात एकच शास्त्र मान्य होतं, नळाचं. पोराला गणित येत नाही? "आत कचरा अडकला असन." सासू-सुनेचं पटत नाही? "एका लाइनीवर दोन तोट्या, मंग भांडन होनारच." नळखात्यात ते मिस्त्री होते आणि अशी निदानं गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरूनच करत.

त्यांना हार्ट अटॅक आला, तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. हृदयाच्या नळीत फुगा फुगवून ती रुंद करण्याची सोय मुंबईत नुकतीच झाली होती. मुलानं तिकडे नेऊन आणलं. काका आल्यागेल्याला सांगत, "डॉक्टर लय शिकेल हाय, पन काम आपलंच करते."

इथल्या डॉक्टरांनी बजावलं, "फुगा काढून घेतलाय. आत आधार काही नाही, नळी पुन्हा आवळू शकते. आणि हृदयाचा जो भाग मेला, तो परत यायचा नाही. तंबाखू बंद!" काकांनी मान डोलावली आणि बाहेर येताच खर्ऱ्याची पुडी उघडली. मला म्हणाले, "लाइन साफ झाली ना गा? मंग पानी काहून नाही येनार?" मुंबईला जाऊन आलेल्या माणसाशी कोण वाद घालणार!

काकूंनी नवस बोलला होता, हे बरे झाले तर रामटेकचा गड पायी चढतील. नवस काकूंचा, पाय काकांचे. अर्धी आळी सोबत निघाली. निम्म्या पायऱ्यांवर काका मटकन बसले. घामानं डबडबलेले, ओठ पांढरे. काकूंना म्हणाले, "तू जाय वं वर. देवाले सांग, पानी आलं, पन प्रेशर नाही."

आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत, मग आमचंही हसू जिरलं.

त्या खाली आल्या तेव्हा काकांनी विचारलं, "काय म्हने देव?"

"म्हने, त्याच्या खिशात काय हाय थे काढून घे."

काकांनी निमूट पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी कुणाचं ऐकल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला फार बरं वाटलं.

थोड्याच महिन्यांत नळी पुन्हा आवळली आणि काका गेले.

पुढे नळीत जाळी बसवण्याची युक्ती निघाली. ती घालून आळीतली कितीतरी मंडळी आता तलावावर फिरतात. एकदा काकूंना म्हटलं, "ही जाळी जरा लवकर यायला हवी होती."

काकू म्हणाल्या, "जाळीले कायले दोष द्याचा गा? पुडी द्याले ह्यायनंच उशीर केला."