चार थेंबांचा पंचनामा

झोपायला दोन पंच लागतात असं मानणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच असेल, आणि मी नेमकी तिच्याच पडवीतल्या खोलीत भाड्याने राहते. परभणीकडून आले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम आणि सातवीत सुटलेली शाळा, एवढंच होतं. घरमालकीणकाकूंनी फार न विचारता खोली दिली, वर पहिल्याच दिवशी सोलकढी पाजली. तेव्हापासून त्या म्हणतील त्याला मी मान डोलावते.

काकूंची सगळी नोकरी कोर्टात कारकुनी करण्यात गेली. रिटायर झाल्या, काका गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ काकूंची झोपही गेली. वैद्यांनी भांगेच्या बियांचं तेल दिलं, निजताना चार थेंब. याने नशा होत नाही, उघड दुकानात मिळतं, हे त्यांनी दहादा सांगितलं. पण गांजाच्या केसेसचे कागद लिहिण्यात जिची बोटं झिजली, तिला बाटलीवर ‘भांग’ वाचून घाम फुटला. झोप तर हवी होती, म्हणून तेल रीतसर घ्यायचं ठरलं. बाटलीला त्या मुद्देमाल म्हणतात. रोज साडेनऊला दात घासून, अंथरूण झटकून मला हाक मारतात. माझ्यासमोर लाखेचं सील फोडायचं, थेंब मोजायचे, पुन्हा सील करायचं. पंचनामा त्या सांगणार, लिहायचा मी, तोही चतुःसीमेसकट. पूर्वेस देवघर, पश्चिमेस फ्रीज, दक्षिणेस आंब्याच्या रिकाम्या पेट्या, उत्तरेस पंच क्रमांक एक, म्हणजे मी. पंच क्रमांक दोन म्हणजे भिंतीवरच्या फोटोतले काका; त्यांच्या नावापुढे ‘सहीस असमर्थ’. पुण्याहून मुलगा आला तेव्हा त्याने हौसेने पंच व्हायची तयारी दाखवली. तो पडला हितसंबंधी, म्हणून काकूंनी त्याला खोलीबाहेर काढलं.

पहिल्या पंचनाम्याला काकूंनी पेन माझ्या हातात दिलं. उद्या पोलीस माझ्या आईच्या दारात उभे राहणार, हे मी धरूनच चालले होते. सही नको, अंगठा लावते म्हटलं, तर काकूंनी शाईचा पॅड बाजूला सारला. “अंगठा नको गो. येतं तेवढं लिही, राहिलेलं मी सांगते.” ‘मुद्देमाल’ मी तीन तऱ्हांनी चुकवला. त्यांनी तिन्ही खोडायला लावले आणि प्रत्येक खाडाखोडीपाशी माझी सही घेतली. वर्षभरात अक्षर इतकं सुधारलं की मेसचा फळा मी लिहू लागले. एकदाच काय ते ‘वरणभात समक्ष शिजवला’ असं लिहून गेले, तर पोरं आठवडाभर हसत होती.

गेल्या महिन्यात आई आजारी पडली म्हणून आठ दिवस गावी गेले. जीव तिकडे आईत आणि इकडे काकूंत. रोज फोन करून विचारायचे, तर झोपते गो, तू आईकडे बघ, एवढंच उत्तर. परत येऊन बघते तर काकूंचे डोळे खोल गेलेले आणि बाटलीचं सील जसंच्या तसं. वहीत त्यांच्या अक्षरात आठ दिवस एकच ओळ, ‘पंच हजर नाही. कार्यवाही तहकूब.’

“अहो काकू, चार थेंबांना पंच कशाला पाहिजे?”

“मग कुणाला सांगू गो मी, झोपते म्हणून?”

मी पाय धुतले आणि वही घेऊन बसले. काकू पडल्या पडल्या सांगू लागल्या. पूर्वेस देवघर. पश्चिमेस फ्रीज. दक्षिणेस म्हणाल्या आणि पुढे आवाजच नाही. वाकून बघितलं तर घोरत होत्या. सील अजून फोडलंच नव्हतं.

बाटली मी हलवली नाही, मुद्देमाल हलवायचा नसतो. उरलेला पंचनामा पहिल्यांदाच कुणी न सांगता लिहिला, एकही खाडाखोड न करता. थेंब शून्य. झोप समक्ष लागली. फोटोतल्या पंचांना वही दाखवली, दिवा घालवला, आणि उत्तरेची हद्द म्हणून थोडा वेळ तिथेच बसून राहिले.