नवरीच्या नाकापाशी

"हात वर कर," मी म्हटलं, आणि स्वप्नाली रडायलाच लागली.

मी चर्मरोगतज्ज्ञ. रत्नागिरीत माझा दवाखाना आहे. माझ्यासमोर लोक खाजवत येतात, लाजत येतात, कधी भांडतही येतात. पण हात वर करायला सांगितल्यावर रडणारी ही पहिलीच. मी दार लोटून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. "रडून झालं की वर कर. मला घाई नाही." बाहेर बाकडी भरलेली होती, म्हणजे घाई होतीच. पण ते तिला कशाला सांगा!

दोन्ही काखा लालबुंद. मध्ये बारीक पुळ्या, कडेने कातडी सोललेली.

"काय लावतेस?"

तिने पर्समधून एक रोल-ऑन काढला. अँटिपर्स्पिरंट.

"दिवसातून कितीदा?"

"मोजत नाय ओ मॅडम. वास येतोयसं वाटलं की लावते."

स्वप्नाली ब्रायडल मेकअप आर्टिस्ट. पूर्णगडच्या बाजूला राहते. नवरा मुंबईत नोकरीला, ही सासूबाई आणि मुलांबरोबर गावी. नवरीचा मेकअप म्हणजे काय, ते मला तिच्याकडूनच कळलं. नवरी खुर्चीत बसलेली, ही उभी, आणि तास-दीड तास हिचे हात वर. म्हणजे हिची काख आणि नवरीचं नाक यांत वीतभर अंतर. त्यात मे महिना. त्यात खोलीतला पंखा बंद, कारण पंख्याने पावडर उडते. आणि एका नवरीने सगळ्या पाहुण्यांसमोर हिला विचारलं होतं, "ताई, जरा लांबून करता येईल का?"

तेव्हापासून ही बाई उठता-बसता तो रोल-ऑन फिरवत होती. रेझर मारला की लगेच, ओल्या कातडीवर. मग दुसरं काय होणार? कातडीने संप पुकारला. आमच्या भाषेत कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे लावलेली वस्तू कातडीला न मानवणं.

मी मलम लिहून दिलं आणि रोल-ऑन बंद म्हणून सांगितलं.

"मग मी लग्नं कशी करू?" तिचा आवाज चढला. "मॅडम, माझ्या नावाची पाटी आहे दारावर. नवऱ्याच्या नाही, माझ्या. ती उतरवू काय?"

हा प्रश्न औषधाच्या चिठ्ठीवर सुटणारा नव्हता. मी तिला आधी फरक समजावला. अँटिपर्स्पिरंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाच्या नळ्यांच्या तोंडाशी बूच बसवतात, म्हणून घामच कमी येतो. डिओडरंट घामाला अडवत नाही, फक्त वासाकडे बघतं. कारण घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतो. कातडीवरचे जंतू त्यावर जेवतात आणि आपल्याला येतो तो त्यांच्या जेवणाचा वास.

"ई!" ती म्हणाली. रडणं थांबलं, हे बरं झालं.

पुढच्या खेपेला ती एक नॅचरल डिओडरंट घेऊन आली. मुंबईच्या नणंदेने पाठवलेलं. नॅचरल हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. खाजकुइली नॅचरलच असते. बिब्बाही नॅचरलच, आणि बिब्ब्याने भाजलेल्या टाचा मी कितीतरी पाहिल्यात. डबीवरची यादी वाचली तर त्यात खायचा सोडा. सोड्याने वास मरतो खरा, पण नुकत्याच भरून आलेल्या कातडीला तो झोंबतो. मी डबी परत दिली.

मग आम्ही दोघींनी तिच्या मोबाइलवर शोधून एक बिनसोड्याचं निवडलं. खोबरेल, आरारूट, थोडं मेण आणि झिंक ऑक्साइड. सुगंधही नाही. ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, याला पॅच टेस्ट म्हणतात. कातडी गप्प राहिली, तरच काखेत. "आणि ऐक," मी म्हटलं, "घाम येणार. कपडा भिजणार. वास तेवढा आवरेल. चमत्कार मागू नकोस."

"वास आवरला तरी साखर वाटेन," ती म्हणाली.

साखर काही आली नाही. ती स्वतः आली, पडलेल्या चेहऱ्याने. काखा सुरेख भरल्या होत्या. पॅच टेस्टही ठीक. पण वास वाढला होता म्हणे.

"कोण म्हणतं?"

"कोणी म्हणत नाय, तेच तर! ट्रायलला गेलेले एकीकडे, शाकाहारी घरात." ट्रायल म्हणजे लग्नाआधी एकदा मेकअप करून बघतात ती. "नवरीने पदर नाकाला लावला. तिची आई सारखी उठून स्वयंपाकघरात बघून येत होती. शेवटी म्हणाली, आपल्याकडे आज शिजतंय तरी काय?"

इथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली. माझं लक्ष तिच्या अंगातल्या काळ्या टी-शर्टकडे होतं. त्यावर तिचं नाव छापलेलं, कापड पॉलिस्टरचं. असल्या कापडात वास धरून बसतो, धुतला तरी जात नाही. मी सरळ निदान करून टाकलं: सुती घाल. इंटरनेटवर लिहिलेलं असतं की नॅचरलवर गेलं की शरीर आधी घाण बाहेर टाकतं, तेही तिने वाचलेलं. "शरीर काय गटार आहे?" मी तिला दटावलं. एकूण मी भलतीच खुशीत होते.

आठवड्याने ती पुन्हा हजर. अंगात सुती कुर्ता. हातात दवाखान्याची फाइल नव्हती, म्हणजे दाखवायला आली नव्हती.

"मॅडम, सुती घालून पण वास तसाच. परवा बागायतदारांकडचं लग्न आहे. नवरी, तिच्या दोघी बहिणी, आई, सगळ्यांचा मेकअप माझ्याकडे. एवढं मोठं काम मला कधीच मिळालं नव्हतं. आज फोन करून नाय म्हणून सांगणार आहे. परत कोणी नाकाला पदर लावला ना, तर मी ब्रश टाकून पळून येईन. तुम्ही एवढं केलंत, म्हणून तुम्हाला आधी सांगितलं."

मला राग आला. तिचा नाही, त्या वासाचा. कातडी निरोगी, कपडा सुती, आणि तरी वास? असं कसं होईल?

"बस खाली. फोन नंतर."

मी तिला बेसिनवर नुसत्या पाण्याने काखा धुवायला सांगितलं आणि मग जवळ जाऊन वास घेतला. हो, घेतला. आमच्या धंद्यात नाक हे फुकटचं यंत्र आहे आणि ते वापरायला लाजून चालत नाही. काही नाही. पाण्याने धुतलेल्या माणसाचा वास, बस.

"आता रोज लावतेस तसं लाव."

तिने पिशवीतून मुलांचा खाऊचा डबा काढला. त्यात बर्फाची पिशवी आणि त्यावर ती डिओडरंटची डबी.

"हे काय?"

"बाहेर ठेवलं की तेल होतं ओ त्याचं. म्हणून फ्रीजमध्ये ठेवते. झाकण पण नीट लागत नाय."

खोबरेल मे महिन्यात घट्ट राहणार कुठून! मी डबी उघडली आणि नाकाशी नेली. आणि मला हसूच फुटलं. आवरेना.

"बोंबील!"

"काय?"

"बोंबील गो! सुका बोंबील! आणि मागनं थोडी सुकट!"

मी मासे खाणारी आहे, या बाबतीत माझी चूक होत नाही. स्वप्नाली डोळे फाडून माझ्याकडे बघत होती. मग तिने डबी ओढून घेतली, हुंगली, पुन्हा हुंगली. तिला काही कळेना. कळणार कसं? ज्या घरात मे महिनाभर पावसाळ्यासाठी मासळी सुकवून भरतात, त्या घरातल्या नाकाला तो वास हवेसारखा झालेला असतो.

"फ्रीजमध्ये कुठे ठेवतेस?"

"सासूबाईंनी जागा करून दिलीय. बोंबलांच्या पिशवीवर. म्हणाल्या, इथे पोरांचा हात पोचायचा नाय."

स्निग्ध पदार्थ वास ओढून घेतात. चिरलेल्या कांद्याशेजारी उघडं लोणी ठेवून बघा. या डबीने तर दिवसरात्र बोंबलाच्या डोक्यावर मुक्काम केला होता. आणि ही बाई रोज सकाळी मोठ्या श्रद्धेने तेच काखेत चोळून नवरीच्या तोंडावर हात नाचवत होती. शाकाहारी घरातली ती आई बिचारी उगाच स्वयंपाकघरात खेपा घालत होती.

स्वप्नाली हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली. "म्हणजे मी नव्हे? माझ्या अंगाला नव्हे?"

"तू नव्हेस. एवढे दिवस तू नव्हेसच."

पण परवाच्या लग्नाचं काय? नवीन डबी येईपर्यंत वरात परत यायची. ती म्हणाली, तेव्हा दोन मागवल्या होत्या. दुसरी कपाटात सीलबंद आहे, पण पार वितळलीय, म्हणून टाकूनच देणार होती.

"खबरदार! वितळलं म्हणजे बिघडलं नव्हे. पावडर खाली बसली असेल. काडीने ढवळ, बोटाने लाव आणि डबी कपाटातच राहू दे. फ्रीजकडे न्यायची नाही."

"आणि सासूबाईंना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. बोंबील मात्र मला पाठव."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पंखा बंद, खोलीत माणसं, ही घामाने निथळत होती. पण पदर कोणाचाच हलला नाही. नवरी तर डोळ्यांचं काम चालू असताना पेंगली. आणि सासरी निघताना आईला मिठी मारून झाली, तशी ती हिच्या गळ्यात पडली. काखेत तोंड खुपसून रडत राहिली. सोडेचना.

"मी श्वास रोखून उभी होते मॅडम. आता काय बोलते, आता काय बोलते."

"मग? बोलली?"

"बोलली ना. ताई, काजळ पसरलं नाय ना, म्हणाली."

नवरीच्या धाकट्या बहिणीनेही स्वतःच्या लग्नासाठी तिला आताच सांगून ठेवलंय.

घाम येणं हा आजार नाही, हे मी रोज सांगते आणि रोज कोणीतरी ते मान्य करत नाही. पण या प्रकरणापासून एक गोष्ट आवर्जून जोडते. कुठे वास आला, की बाया पहिला संशय स्वतःच्या अंगावर घेतात. तसं करू नये. आधी डबी हुंगावी.